डाव्या मुठीची फळी

३ मार्च, मंगळवार

नवी वही आहे, म्हणून आधी मोजदाद.

या घरात मी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू: स्वयंपाकघराचं दार आणि त्याची लाकडी कडी. ओट्याखालचे सहा खण. पाच चाकूंचा ठोकळा, मुठी डावीकडे कललेल्या. खिडकीतलं दोन माणसांचं बाकडं. बायकोच्या उंचीचं स्टूल. ती त्यावर चढली की माळा बरोबर तिच्या हाताशी येतो. लेकीचा पाळणा, ज्यात सध्या जुनी वर्तमानपत्रं झोपतात. भिंतीवरचं घड्याळ, यंत्र विकतचं, बाकी सगळं माझं. चमचे बारा. त्यातला एक तुटला, पण तो पाहुण्याच्या हातून.

यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही. मी वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस. दिवसभर दुकानादुकानांतून काटे उघडायचे, साफ करायचे, बरोबर करायचे. लाकूडकाम घरी येऊन शिकलो, बिघडवत बिघडवत. बिल्डिंगमधले लोक माझ्या पाठीमागे मला ‘दीडसूत’ म्हणतात. एका इंचात आठ सूत असतात, आणि मी एकदा कुणाच्या तरी कपाटाचं दार दीड सूत खाली आलंय म्हणून सांगितलं होतं. आलेलंच होतं.

आज संध्याकाळी या यादीत भर पडली. अक्रोडाच्या लाकडाची फळी, खाण्याचे पदार्थ मांडून पाहुण्यांपुढे ठेवायची. लांबी सव्वीस इंच, रुंदी अकरा, जाडी सात सूत. मागच्या कडेला तीन वाट्यांसाठी तीन खळगे. डावीकडे चाकूची खाच, तिच्याशेजारी चीज कापायला मोकळी जागा, आणि डाव्या टोकाला मूठ. मुठीसाठी माझ्याकडचा जुना पुठ्ठ्याचा नमुना वापरला. सगळ्याच मुठींना तोच वापरतो. चार बोटं खाली, अंगठा वर, हात आपोआप बसतो.

उद्या तेलाचा पहिला हात.


५ मार्च, गुरुवार

फळी कशासाठी, ते लिहायचं राहिलं.

लेकीला नवी नोकरी लागली, औषधांच्या प्रयोगशाळेत. तिची भाड्याची खोली काडेपेटीएवढी, म्हणून अकरा एप्रिलच्या शनिवारी दहाबारा माणसं आपल्याकडेच येणार. ती सगळं बाहेरून मागवणार होती. मी म्हणालो, मी करतो.

“बाबा, तुला चहा सोडून काय येतं?”

“शिजवायचं कुठे म्हणतोय मी? मांडायचं. विस्तव पेटवायचाच नाही. चीज, फळं, सुका मेवा, पाव, काकड्या, ऑलिव्ह. कापायचं आणि मांडायचं. ते सुतारकाम आहे.”

ती पोट धरून हसली. मग हसू आवरून म्हणाली, “आईला बोलावलंय मी.”

“मावशीचा गुडघा?”

“मावशीलाही बोलावलंय, बाबा.”

बायको सप्टेंबरापासून तिच्या बहिणीकडे आहे. बसनं चार तास. मेहुणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, घरात दुसरं कुणी नाही, म्हणून. सातवा महिना चालू आहे. गुडघ्याला वेळ लागतोच, माणसागणिक कमीजास्त.


८ मार्च, रविवार

बायकोचा फोन आला. रविवारी अकराला येतो.

“काय करताय?”

“पॉलिशपेपर मारतोय. तीनशेवीस नंबरचा.”

“बरं.” मग म्हणाली, “इथे काही धड होत नाही हो माझ्याच्यानं. कात्री, डबे, दाराची कडी, सगळं उलटं. काल सुरीनं बोट कापलं.”

मी तिला नीट समजावलं. सुरीला धार नसली की बोट कापतं, धार असली की नाही, कारण बोथट सुरीवर जोर द्यावा लागतो आणि ती घसरते. धारेचा दगड आधी दहा मिनिटं पाण्यात भिजवायचा. सुरी वीस अंशांत धरायची. दोन्ही बाजूंना सारखे हात मारायचे. ती ऐकत होती.

“बरं,” ती म्हणाली.

मी विचारलं, गुडघा कसा आहे.

“गुडघा ना,” ती म्हणाली. “आहे गुडघा.”

फोन सहा मिनिटं चालला. गेल्या रविवारी चारच मिनिटं.


१४ मार्च, शनिवार

पहिली रंगीत तालीम, एकट्यानं. कागदावर फळीचा आराखडा काढला, एकास एक मापात. काकडीचे काप तीन सुतांचे, गाजराच्या काड्या अडीच इंची, चीजचे चौकोन अर्ध्या इंचाचे. द्राक्षं आकारानुसार निवडली. दीड तास लागला. मांडून झाल्यावर खुर्चीवर उभं राहून वरून पाहिलं. एकही रेघ वाकडी नव्हती.

बायकोची पद्धत वेगळी होती. आमच्याकडे दर शनिवारी चार माणसं जमायची आणि ती मोठ्या ताटात असंच काहीबाही मांडायची. मांडायची म्हणजे ओतायची. द्राक्षं पडतील तिथे राहायची. आणि एक खोड: ताट बाहेर नेण्याआधी चीजचा एक कोपरा मोडून स्वतः तोंडात टाकायची. मोडका कोपरा तसाच पाहुण्यांपुढे. मी अनेकदा सांगून पाहिलं, की बाई, आख्खा तुकडा दिसायला बरा दिसतो. “हो हो” म्हणायची आणि पुढच्या शनिवारी पुन्हा मोडायची.

ऑगस्टातल्या शेवटच्या शनिवारी नऊ जण होते. काकडीचे काप पाहिले तर एक दोन सुतांचा, एक चार सुतांचा. मी म्हणालो, हे असं पुढे ठेवायचं नसतं, आणि ताट उचलून आत नेलं. फूटपट्टी लावून सगळं पुन्हा केलं. अकरा मिनिटं लागली. बाहेर आलो तेव्हा ती खिडकीतल्या बाकड्यावर बसली होती आणि तळमजल्यावरचे ड्रायव्हर काहीतरी विनोद सांगत होते, पण कुणी हसत नव्हतं. त्या दिवशी लोकांनी फारसं खाल्लं नाही. का कोण जाणे. काप तर आता सगळे सारखे होते.

पुढच्याच आठवड्यात गुडघ्याचं निघालं.


१७ मार्च, मंगळवार

चीजच्या दुकानातला काटा तपासायला गेलो. चार ग्रॅम जास्त दाखवत होता. चीजवाली बाई तोंडानं फटकळ, पण व्यवहाराला चोख, म्हणाली, “काटेवाले, तरीच माझी गिऱ्हाइकं बारीक होत चाललीत!”

मी तिला फळीचं सांगितलं, आराखडाही दाखवला. तिनं चष्मा लावून पाहिला.

“छान आहे. कुणी खाणार नाही.”

“का?”

“इतक्या नीटनेटक्याला पहिला हात कोण लावणार? माणसं लाजतात. पहिला तुकडा घरच्या माणसानं मोडून ठेवायचा असतो. मग बाकीच्यांना धीर येतो.”

धंद्यातल्या लोकांच्या अशा समजुती असतात.


२१ मार्च, शनिवार

दुसरी तालीम, यावेळी माणसांसह. तळमजल्यावरचे ड्रायव्हर (तीस वर्षं बस चालवून निवृत्त), समोरच्या नर्सबाई आणि ड्रायव्हरांचे साडू. हे साडू केटरर आहेत, लग्नकार्यांची मोठाली कंत्राटं घेतात. सप्टेंबरनंतर आमच्याकडे पहिल्यांदाच कुणी बसायला आलं.

मी फळी आणून ठेवली. सगळे शांत झाले. मला बरं वाटलं.

“हे खायचंय की बघायचंय?” ड्रायव्हर म्हणाले. “बघायचं असेल तर तिकीट किती ते आधी सांगा.”

“मला तर ऑपरेशन थिएटरात आल्यासारखं वाटतंय,” नर्सबाई म्हणाल्या. “हात धुऊन येऊ का?”

वीस मिनिटं कुणी हात लावला नाही. पाण्याचे ग्लास मात्र रिकामे झाले. शेवटी मीच आग्रह केला तेव्हा ड्रायव्हर चीज कापायला सरसावले. चाकू डाव्या टोकाला, त्यांचा उजवा हात फळीवरून आडवा गेला आणि शर्टाची बाही कोपरापर्यंत दह्याच्या वाटीत.

“अहो दीडसूत!” रागाच्या भरात तोंडावरच म्हणाले. “गिअर उलट्या बाजूला बसवलाय तुम्ही!”

नर्सबाईंनी फळी फिरवून पाहिली. मग वाट्या पुढे आल्या आणि बाकीचं सगळं त्यांच्यामागे लपलं. पुन्हा होती तशी केली. नंतर जो तो हात मुडपून, कोपर सांभाळून घेत होता.

केटरर फळीच्या कडेवरून बोट फिरवत होते. जाताना विचारलं, “ही कुणाकडून करून घेतलीत?”

“माझ्याकडून,” मी म्हणालो.

उरलेलं: चीज सहाशे ग्रॅम, काकड्या जवळजवळ सगळ्या.


२४ मार्च, मंगळवार

लेक कामावरून थेट इकडे आली, भुकेली. मी शनिवारचं उरलेलं फळीवर ठेवलं. तिनं चाकू घ्यायला हात पुढे केला आणि मध्येच थांबली.

“बाबा, ही फळी आईची आहे.”

“तिची कशी असेल? ती गेली तेव्हा लाकूडही आणलं नव्हतं.”

“अरे, डावखुऱ्या माणसाची आहे ही.”

ती उठली आणि स्वयंपाकघरातून फिरायला लागली, जणू भाड्यानं घ्यायला आली आहे. दाराची कडी हलवून पाहिली. खण ओढून पाहिले. चाकूंच्या ठोकळ्यासमोर उभी राहून डाव्या हातानं एक चाकू काढला, लोण्यासारखा निघाला. मग उजव्यानं काढला, मनगट वाकडं करून.

“सगळं घरच डावखुरं आहे! आणि मी लहानपणापासून इथे कोपर आपटत आलेय. तू मला ‘धांदरट, धांदरट’ म्हणायचास!”

बायको डावखुरी आहे हे मला माहीत नाही असं नाही. पण घराचं कधी लक्षात आलं नव्हतं. मी स्वतः उजव्या हाताचा. मला इथे कधी काही अडलं नाही. किंवा अडत असेल, सव्वीस वर्षांत कळेनासं झालं.

मी खणातून पुठ्ठ्याचा नमुना काढून तिला दाखवला. बुटांच्या खोक्याचं झाकण आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात बायकोसाठी सुरीची मूठ करायची होती, तेव्हा तिनं त्यावर हात ठेवला होता आणि मी भोवतीनं पेन्सिल फिरवली होती. करंगळीपाशी तिला गुदगुल्या झाल्या, तिथे रेघ हलली आहे. ती हललेली रेघ या घरातल्या प्रत्येक मुठीत उतरली आहे. मी ती कधी दुरुस्त केली नाही. का, ते सांगता येणार नाही. राहून गेलं असेल.

लेकीनं पुठ्ठ्यावर स्वतःचा हात ठेवून पाहिला, बसला नाही.

“हे आईला माहीत आहे?”

“काय?”

“काही नाही,” ती म्हणाली. जाताना तिनं दाराची कडी डाव्या हातानं लावली.


२८ मार्च, शनिवार

केटरर आले, एकटेच. त्यांना अशा चाळीस फळ्या हव्या आहेत. लोकांना हल्ली हे फार आवडतं म्हणे: गरम काही नाही, वाढपी नको, माणसं उभ्याउभ्या गप्पा मारत खातात. लाकूड ते देणार. फक्त मूठ आणि चाकूची खाच उजवीकडे. “जगातली दहातली नऊ माणसं उजवी,” ते म्हणाले. “धंदा नवांशी करायचा.”

खोटं कशाला लिहू, छाती दोन इंच फुगली. आयुष्यभर लोकांचे काटे बरोबर केले, माझ्या हाताचं वजन कुणी केलं नव्हतं. अकरा एप्रिलनंतर सांगतो म्हणालो.

ते गेल्यावर पुठ्ठा उलटा करून नव्या लाकडावर आखून पाहिला. माप तेच, बोटं तीच. पण तो कुणाचाच हात दिसेना. करंगळी थरथरते, भलत्याच बाजूला. पुसून टाकला.


२९ मार्च, रविवार

फोन अकराला नाही आला. पावणेबाराला आला.

ती अकरा तारखेच्या शनिवारी येणार आहे, हे तिच्या तोंडून ऐकलं. रविवारी सकाळच्या बसनं परत.

“एकच रात्र?”

“ताईला...” ती म्हणाली, आणि पुढे ताईला काय ते तिनं सांगितलं नाही.

मी म्हणालो, हो, गुडघा.


४ एप्रिल, शनिवार

तिसरी तालीम. पाहुणे नाहीत.

सगळं मांडून झाल्यावर चीजचा कोपरा मोडून खाल्ला. सांगायला लाज वाटते, पण दोन्ही तालमींत मी चव घेतलीच नव्हती. नुसती मापं घेतली. कडक चीजबरोबर अक्रोड चांगला लागतो. मऊ चीजवर मध हवा, पण थेंबभरच. मुळा आणि मध एकत्र येऊ नयेत. अंजिराशेजारी खारट काहीतरी पाहिजे. बायकोच्या ताटात अंजिराशेजारी नेहमी ऑलिव्ह असायचे. मला वाटायचं, सांडलेत.

फळी घेऊन खिडकीतल्या बाकड्यावर बसलो. दोन माणसांचं बाकडं, मी उजव्या टोकाला. डावं टोक मोकळं. तिचा हात डावा, माझा उजवा, म्हणून शेजारी बसून जेवताना आमची कोपरं एकदाही एकमेकांना लागली नाहीत. सव्वीस वर्षांत एकदाही. हे मी आज पहिल्यांदा मोजलं.


१० एप्रिल, शुक्रवार

खरेदी. चीजवालीनं निळ्या बुरशीचं एक चीज जबरदस्तीनं दिलं. “वास घेऊ नका, विश्वास ठेवा.” वास घेतला. विश्वास उडाला. तरी घेतलं.

घर झाडलं. स्टुलाचा एक पाय किंचित हलत होता, तो पक्का केला. तिच्या उंचीचं आहे, दुसऱ्या कुणाला लागत नाही, पण म्हटलं असू दे.


१२ एप्रिल, रविवार, दुपार

कालचं लिहितो, क्रमानं.

तीनला सुरुवात केली. आराखडा घेतला नाही. आधी वाट्या: फडक्यात टांगून घट्ट केलेलं दही, त्यात लसूण आणि मीठ; दुसरीत ऑलिव्ह, तिसरीत मध. मग तीन चीज, एकमेकांपासून लांब. मग द्राक्षं, सोडून दिली. त्यातलं एक सरळ केलं आणि पुन्हा होतं तिथे नेऊन ठेवलं. अंजीर, जर्दाळू, अक्रोड, गाजरं, मुळे, पावाचे काप. काकड्या फूटपट्टीविना कापल्या. नंतर मोजलं तेव्हा दोन सुतांपासून साडेचार सुतांपर्यंत निघाल्या. हात मध्येच थांबत होता, पण त्याला चालू ठेवलं. शेवटी कडक चीजचा कोपरा मोडून खाल्ला. भरलेल्या फळीचं वजन चार किलो दोनशे ग्रॅम.

पाचला लेकीच्या ऑफिसची माणसं आली, मग ड्रायव्हर आणि नर्सबाई. साडेपाचला जिन्यात मेहुणीचा आवाज. ती आधी वर आली.

“भावोजी, तुमच्या पायऱ्या किती हो? पंचावन्न?”

“चोपन्न.”

काठी नव्हती. दम लागला नव्हता. मी गुडघ्याकडे पाहत राहिलो.

“बरा झाला?”

“अहो, डिसेंबरातच नाचायला लागलाय हा!” ती म्हणाली, आणि मागे वळून पाहिलं. बायको शेवटच्या पायरीवर उभी होती. मग मेहुणी हळूच म्हणाली, “म्हणजे, थंडीत दुखतो म्हणा अधूनमधून.”

डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. मी मनात मोजलं. काल थंडी नव्हती.

बायको थेट स्वयंपाकघरात आली. थोडी बारीक झाली आहे. किती, ते सांगता येणार नाही. उजव्या हाताच्या तर्जनीवर कापल्याची खूण होती, म्हणजे तिकडेही ती सुरी डाव्याच हातानं धरते आणि झुंजते. फळी ओट्यावर होती. तिनं बराच वेळ पाहिलं.

“हा कोपरा कुणी मोडला?”

“मी.”

“आणि काकड्या?”

“हातानं कापल्या.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यात जाड काप शोधून काढला आणि खाल्ला. तिला काही बोलायचं होतं असं मला वाटलं, पण तोंडात काकडी होती.

नंतरचं मी नीट पाहिलं, म्हणून नीट लिहितो. तिनं फळीकडे न बघता डावा हात पुढे केला. मूठ हातात आली. चार बोटं खाली, अंगठा वर. चार किलो दोनशे ग्रॅम एका हातानं उचलले, दुसऱ्या हातानं पदार्थ सावरले, कोपरानं दार ढकललं आणि बाहेर गेली. एक द्राक्षही हललं नाही. ही फळी तिनं त्यापूर्वी कधी हातातही घेतली नव्हती.

बाहेर सगळे तुटून पडले. “आज तिकीट नाही वाटतं!” ड्रायव्हर म्हणाले, आणि दोन्ही बाह्या आधीच दुमडल्या. यावेळी चीज बायकोच कापून देत होती, त्यामुळे कुणाचं कोपर कुठे गेलं नाही. निळं चीज सगळ्यात आधी संपलं. चाळीस मिनिटांत फळीचं लाकूड दिसायला लागलं.

मेहुणी माझ्याशेजारी बसून अक्रोड खात होती. “आमच्याकडे ही रोज चडफडते हो,” ती म्हणाली. “इथे सगळं उलटं, इथे सगळं उलटं. मी म्हटलं, अगं, माझं घर चारचौघांसारखंच आहे, तुलाच कुणीतरी बिघडवून ठेवलंय.”

“असू दे गं, ताई,” बायको पलीकडून म्हणाली.

लोक गेल्यावर तिनं फळी धुतली, मी पुसली. मग तिनं ती परत घेतली, मूठ धरली आणि करंगळीच्या जागी अंगठा फिरवत राहिली.

“इथे रेघ हललीय.”

“हो.”

“अजून तशीच?”

“हो.”

“तुम्ही? तुम्ही दुरुस्त नाही केलीत?”

मला पुष्कळ सांगायचं होतं. काकड्यांचं, अकरा मिनिटांचं, बाकड्याचं. तोंडातून निघालं ते असं, की अक्रोडाच्या लाकडाला महिन्यातून एकदा तेल लावावं लागतं, नाहीतर ते भेगाळतं.

“मग लावत जा,” ती म्हणाली.

आज सकाळी तिची बस सव्वानऊची. मी आठलाच फळी वर्तमानपत्रात गुंडाळून दोरीनं बांधून ठेवली होती.

“घेऊन जा. तिकडे सगळं उलटं आहे म्हणतेस.”

तिनं दोरी सोडली, कागद काढला, घडी करून पाळण्यात ठेवला. फळी ओट्यावर जागच्या जागी, मूठ डावीकडे.

“नको. इथेच राहू दे. मला लागेल.”

कधी, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं का, हे स्टँडवर उभा असताना कळेना. मेहुणी खिडकीशी बसली होती आणि मला सारखी कसलीतरी खूण करत होती. मी तिला हात केला. बस नऊ अठराला सुटली.

घरी येऊन स्वयंपाकघराची कडी उघडली. आत आल्यावर लक्षात आलं, की डाव्या हातानं उघडली.


१३ एप्रिल, सोमवार

केटरर दुपारी माझ्या वर्कशॉपात आले. मी एका फळवाल्याचा काटा खोलून बसलो होतो. माझं उत्तर ऐकून त्यांना खरं वाटेना.

“अहो, पुठ्ठा उलटा करायचा. किती वेळ लागतो?”

“उजव्या हाताचा नमुना माझ्याकडे नाही.”

“माझा हात घ्या! हा घ्या, आत्ता आखा.”

त्यांनी खरंच काट्याशेजारी हात पसरला. चांगला हात आहे, मेहनती. मी म्हणालो, शिवाय चाळीस फळ्या म्हणजे ऑगस्टपर्यंतचे सगळे शनिवार जाणार, आणि मला शनिवार मोकळे हवेत.

“बरं, निदान ती एक तरी द्या. मी दुसऱ्याकडून तशा करून घेतो.”

“ती घरात लागते.”

“कुणाला लागते? तुमचा हात तर उजवा.”

मी काट्याचं झाकण लावलं, चारही स्क्रू आवळले, एक किलोचं वजन ठेवून पाहिलं. काटा बरोबर होता. “लागते,” मी म्हणालो.

नोंद असावी म्हणून लिहितो. नाकारलं ते असं: अक्रोडाच्या चाळीस फळ्या, मूठ उजवीकडे, लाकूड त्यांचं, मजुरी माझी, मुदत ऑगस्टअखेर; आणि नमुना म्हणून ही फळी कायमची त्यांच्याकडे. एकूण रक्कम एक लाख साठ हजार.